तुम्ही विचारलंत म्हणून: पाठीवर सॅक घेऊन जंगलात चालताना प्राणी दिसतात का?

हा प्रश्न बहुतेक वेळा बोर्निओला निघालेली मंडळी विचारतात. विमानाची तिकिटं काढून झालेली असतात, सॅक घरात येऊन पडलेली असते आणि मग मनात शंका येते की एवढी पायपीट करायची, पण ओरांगउटान दिसेल ना? बोर्निओच्या मलेशियन भागात, म्हणजे साबा राज्यात, दिसण्याची शक्यता चांगली आहे. पण सॅक पाठीवर असताना सहसा दिसत नाही. सॅकचे दिवस आणि पाहण्याचे दिवस वेगळे ठेवा, हे माझं पहिलं सांगणं.

कारण साधं आहे. साबातल्या दानुम खोऱ्याच्या जंगलातली झाडं सहज साठ मीटरपर्यंत जातात, आणि तिथलं ‘मेनारा’ नावाचं एक झाड तर शंभर मीटरहून उंच मोजलं गेलंय. एवढ्या पानांतून गाळून जमिनीपर्यंत पोचतो तो उजेड जेमतेम एकदोन टक्के. पालवी, फुलं, फळं सगळी वर, म्हणून ती खाणारेही वरच. आणि बारा किलो ओझं घेऊन ओल्या मुळांवरून चालणारा माणूस बघत असतो स्वतःच्या पावलांकडे. शिवाय त्याच्या श्वासाचा, पट्ट्यांचा, बाटलीचा आवाज शंभर पावलं पुढे जातो.

म्हणून एका ठिकाणी किमान तीन रात्री राहा. सॅक मुक्कामी ठेवा आणि पाणी, दुर्बीण, रेनकोट एवढंच घेऊन बाहेर पडा. तासाला अर्धा किलोमीटर हा वेग उत्तम. वीस पावलं चाला, दोन मिनिटं थांबा, वर बघा, ऐका. साबात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तेव्हा साडेपाचला तयार असायला हवं. पहाटे गिबनची (झाडांवर राहणारं बिनशेपटीचं वानर) लांबलचक साद येते आणि नऊनंतर जंगल गप्प होतं. दुपारी झोप काढा, चार ते सव्वासहा पुन्हा बाहेर.

कुठे थांबायचं, हे कळणं सगळ्यात महत्त्वाचं. वड-उंबराच्या कुळातलं झाड फळांनी लगडलेलं असेल तर तिथेच बसा. या जंगलातली मोठी झाडं दरवर्षी फळत नाहीत. काही वर्षांच्या अंतराने एकदम सगळी फळतात आणि मधल्या काळात प्राण्यांचा मोठा आधार असतो तो वड-उंबरांचाच. एकाच झाडावर सकाळी धनेश, मग गिबन, मग ओरांगउटान अशी रांग लागू शकते. खाली ताजी सालं, अर्धवट चावलेली फळं पडली असतील तर वर कोणीतरी आहे किंवा नुकतंच येऊन गेलंय. ओरांगउटान बहुधा रोज संध्याकाळी फांद्या मोडून नवं घरटं करतो. घरट्याची पानं हिरवी असतील तर प्राणी जवळपास असू शकतो, तपकिरी असतील तर ते जुनं. मोठे धनेश आधी कानांना कळतात. त्यांच्या पंखांचा सूं-सूं आवाज पानांआडून बराच दूरवर येतो. तो आला की आकाशाचा जो तुकडा मोकळा दिसतो, तिकडे दुर्बीण लावून तयार राहा.

दुर्बीण 8×42 घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची. 10×42 मध्ये प्राणी मोठा दिसतो, पण हात थरथरल्याचंही मोठं होऊन दिसतं, आणि बाहेर पडणारा प्रकाशझोत सव्वापाच मिलिमीटरऐवजी सव्वाचार मिलिमीटरचा होतो. अंधाऱ्या जंगलात हा फरक डोळ्यांना लगेच जाणवतो. एसीच्या खोलीतून दुर्बीण किंवा कॅमेरा थेट बाहेर काढला की काचांवर वाफ धरते आणि नेमकी पहाटेची वेळ पुसण्यात जाते. रात्री ही साधनं पंख्याच्या खोलीत किंवा घट्ट बंद पिशवीत सिलिका जेलसोबत ठेवा.

अंधार पडल्यावरचा तास-दोन तासांचा फेरा चुकवू नका. बॅटरी हातात खाली धरली तर काहीच दिसत नाही. ती डोळ्यांच्या रेषेत, कपाळावर किंवा गालाजवळ हवी, म्हणजे प्राण्याच्या डोळ्यांतून परतणारा उजेड सरळ तुमच्याकडे येतो. जमिनीलगत बारीक निळसर-पांढरे ठिपके चमकले तर ते कोळी. वर फांदीत दोन नारिंगी-तांबूस निखारे हळूहळू सरकत असतील तर स्लो लोरिस, म्हणजे रात्री फिरणारा छोटा वानरवर्गीय प्राणी, असू शकतो. प्राणी सापडल्यावर झोत त्याच्या डोळ्यांवरून बाजूला घ्या किंवा लाल प्रकाश वापरा. फ्लॅश नकोच.

पहिल्यांदा जाणाऱ्याने चालण्याआधी किनाबातांगान नदीवर दोन रात्री काढाव्यात. सुकाऊ गावातून पहाटे आणि संध्याकाळी छोट्या होड्या निघतात. लांब नाकाची प्रोबोसिस माकडं, जी फक्त बोर्निओतच आहेत, संध्याकाळी झोपायला काठावरच्या झाडांवर येतात, त्यामुळे ती दिसतातच म्हटलं तरी चालेल. नशीब असेल तर बोर्निओचे लहानखुरे हत्तीही भेटतात. मात्र इथे प्राणी इतके सहज का दिसतात, हे समजून घ्या. दोन्ही बाजूंना तेलताडाचे मळे पसरत गेले आणि जंगल नदीकाठच्या चिंचोळ्या पट्ट्यांत उरलं. 2005 मध्ये संरक्षित झालेलं तिथलं अभयारण्यही तुकड्यातुकड्यांनी आहे. ही दाटी म्हणजे सुबत्ता नव्हे, आणि होडीवाल्याला ‘अजून जवळ घे’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायलाच हवं.

दानुम याच्या उलट. चारशे अडतीस चौरस किलोमीटर, आणि बराचसा भाग कधीच न तोडलेला. लाहाद दातू गावातून तिथे जाता येतं, पण राहण्याचं आरक्षण आधी लागतं. सोबत वाटाड्या घ्या. त्याचे पैसे वाचवण्याचा विचार मला अजिबात पटत नाही, कारण तुम्हाला जिथे नुसती पानं दिसतात तिथे त्याला साप दिसतो. ढगाळ बिबट्या (क्लाउडेड लेपर्ड) आणि सूर्य अस्वल (सन बेअर) तिथे आहेत, पण त्यांची आशा धरून जाऊ नका. आणि सुमात्रन गेंडा मलेशियात आता उरलेला नाही. देशातली शेवटची मादी 2019 मध्ये गेली.

आता जळवा. तपकिरी जळू जमिनीवरून चढते आणि चावल्याचं कळतही नाही. पट्टेरी, म्हणजे टायगर लीच, पानांवर कमरेइतक्या उंचीवर वाट बघते आणि तिचा चावा झोंबतो. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे लीच सॉक्स नेहमीच्या मोज्यांवर चढवा, पॅंट त्यांच्या आत, शर्ट पॅंटमध्ये. जळू लागलीच तर मीठ, पेटती काडी, तंबाखू काही लावू नका, ती पोटातलं जखमेत ओकते आणि जखम चिघळू शकते. नख त्वचेलगत सरकवून आधी तिचं निमुळतं तोंड सोडवा, मग मागचं टोक. रक्त न गोठू देणारा स्राव ती सोडते, म्हणून जखम तासनतास वाहते. दाबून पट्टी बांधा, घाबरण्यासारखं काही नाही.

पायात महागडे जलरोधक बूट नकोत. पाणी वरून आत शिरतं आणि मग बाहेर पडत नाही. तिथले वाटाडे अख्ख्या रबराचे, तळाला खुंट्या असलेले स्वस्त बूट घालतात. ‘अदिदास कम्पुंग’ म्हणून ते ओळखले जातात. मापाचे मिळाले तर तेच घ्या. कपड्यांचे दोनच जोड पुरतात, एक ओला आणि एक कोरडा. सकाळी कोरडा जोड घालायचा मोह होतोच, पण तो फक्त झोपण्यासाठी. सकाळी पुन्हा ओलाच चढवायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी दोन्ही ओले. सॅकवरचं आवरण मुसळधार पावसात टिकत नाही, आत जाड पिशवी घालून तोंड पिळून बांधा. पाणी दिवसाला तीन-चार लिटर आणि सोबत ओआरएसची पाकिटं, कारण घामातून मीठ फार जातं.

वेताचे आकड्यासारखे काटे कपड्यात अडकले तर ओढू नका, एक पाऊल मागे या, ते आपोआप सुटतात. आधाराला झाड धरण्याआधी काटे आणि मुंग्या बघा. उघड्यावर मुक्काम असेल तर वर वाळकी फांदी नाही ना, हे आधी पाहा. ओढ्याच्या काठी तर झोपूच नका. वर डोंगरात पाऊस पडला की इथे थेंब न पडताही रात्रीत पाणी चढतं.

ओरांगउटानपासून किमान दहा मीटर अंतर ठेवा. सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जाऊच नका, आपले श्वसनाचे आजार त्यांना होतात. खायला घालणं तर नकोच.

नदीत डुंबण्याचा मोह होईल, पण अंगावर जखमा असताना टाळा. 2000 साली साबात झालेल्या ‘इको-चॅलेंज’ शर्यतीनंतर अनेक स्पर्धकांना लेप्टोस्पायरोसिस (प्राण्यांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) झाला, आणि सेगामा नदीत पोहणाऱ्यांना धोका जास्त असल्याचं तपासात निघालं. जाण्याआधी डॉक्टरांशी याबद्दल आणि हिवतापाबद्दल बोला. बोर्निओत माकडांकडून डासांमार्फत माणसाला होणारा नोलेसी हिवताप आहे. त्याचे डास संध्याकाळी बाहेरच चावतात, त्यामुळे फक्त झोपताना मच्छरदाणी लावून भागत नाही. अंधार पडायच्या आधीच पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि उघड्या त्वचेवर डीट, म्हणजे डास पळवणारं औषध, लावा. दुर्बीण धरायच्या आधी तळवे पुसा, डीट प्लास्टिक विरघळवतं. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि बोर्निओच्या जंगलात जाऊन आल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. हा परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाच्या एका सौम्य प्रकारासारखा दिसतो, पण दर चोवीस तासांनी वाढतो.