रांगेत भेटलेली माणसं

कॉलेजातली मैत्री वर्गात जुळली असं सांगणारे मला फार थोडे भेटले. ती जुळायची बाहेर, कशाची तरी वाट बघताना. फीच्या खिडकीपुढे, झेरॉक्सपाशी, नाहीतर ग्रंथालयातल्या त्या लाकडी कपाटापाशी.

त्या कपाटावर माझा जरा जास्तच जीव. लांबट खण, त्यांत सळईत ओवलेली कार्डं. लेखक, शीर्षक, विषय, एकाच पुस्तकाची तीन ठिकाणी नोंद. हवा तो खण नेमका दुसऱ्याच कुणीतरी ओढलेला असायचा. मग शेजारी ताटकळायचं, आणि पाच मिनिटांत कळायचं की दोघांनाही एकच पुस्तक हवंय आणि प्रतही एकच आहे. अशी भांडणं पुढे बरीच वर्षं टिकतात. पुस्तकामागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के असत. शेवटचा शिक्का फार जुना निघाला, की घेणारा उगाच विद्वान असल्यासारखा चालायचा. ग्रंथालयांना अशी कार्डं छापून पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या ओसीएलसी या संस्थेने १९७१ पासून सुमारे १९० कोटी कार्डं छापली आणि १ ऑक्टोबर २०१५ रोजी ते काम थांबवलं. तोवर बहुतेक कपाटं अडगळीत गेलीही होती.

झेरॉक्सची रांग वेगळी. १९५९ साली आलेलं झेरॉक्स ९१४ हे यंत्र मिनिटाला सात प्रती काढायचं. आमच्या वेळची यंत्रं त्याहून वेगवान असणारच, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी तसं अजिबात वाटत नसे. एका मुलीची वही आणि तिच्यामागे अख्खा वर्ग! आता त्याच पानांचे फोटो ग्रुपवर येऊन पडतात. अक्षर कुणाचं, हे विचारायचीही गरज उरत नाही.

नोटीस बोर्डावरचा निकाल मात्र गेला ते उत्तम झालं. आपला नंबर यादीत नाही हे मागून ढकलणाऱ्या गर्दीत समजणं, याला आठवणींचा कितीही मुलामा दिला तरी तो छळच होता.

हल्ली कुठल्याही कॅम्पसवर गेलो की मुलं बसतात कुठे ते बघतो. कट्टे रिकामे असले, तरी व्हरांड्यात भिंतीला टेकून, थेट फरशीवर घोळका असतोच. कारण तिथे प्लगपॉइंट असतो. परवा असाच एक मुलगा वायर हातात घेऊन अनोळखी मुलाशेजारी घुटमळत होता.

“किती टक्के?” बसलेल्याने विचारलं.

“चार.”

त्याने लगेच सरकून जागा दिली.