रस्त्यावरचे गाढव आणि गडद हिरवा डगला

आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत किरकोळ गुन्ह्यांचा निवाडा करणाऱ्या न्यायालयांना ‘पेटी सेशन्स’ म्हणत. त्यांच्या एकोणिसाव्या शतकातील नोंदवह्या आता संगणकावर घरबसल्या वाचता येतात आणि जुन्या कागदपत्रांचा थोडासा जरी नाद असलेल्या माणसाने रात्री जेवणानंतर त्या उघडू नयेत, कारण मग झोपेचे खोबरे ठरलेलेच. प्रत्येक पान रकान्यांनी आखलेले असते: तारीख, फिर्यादी, आरोपी, साक्षीदार, तक्रारीचे कारण, निकाल, दंड, खर्च आणि दंड न भरल्यास भोगायच्या कैदेचे दिवस. फिर्यादीच्या रकान्यात पानामागून पान स्थानिक ठाण्यातील त्याच दोन-चार शिपायांची नावे फिरत राहतात. आयर्लंडचा इतिहास म्हटला की बंडे, दुष्काळ आणि फासावर गेलेले देशभक्त आठवणारा वाचक तक्रारीच्या रकान्याकडे मोठ्या अपेक्षेने वळतो आणि तिथे लिहिलेले असते की, अमुक शेतकऱ्याचे गाढव सार्वजनिक रस्त्यावर मोकाट फिरताना आढळले.

गाढवामागोमाग डुकरे, बकऱ्या आणि गुरे येतात. कोंडवाडा तिथेही होता आणि त्याचा राखणदारही होता. मग कुत्री येतात, कारण 1865 च्या कायद्याने प्रत्येक कुत्र्यासाठी वर्षाला दोन शिलिंगांचा परवाना, वर प्रमाणपत्राचे सहा पेन्स, अशी पट्टी बसवली आणि दारोदार फिरून विनापरवाना भुंकणारे कुत्रे हुडकण्याचे काम शिपायाच्या गळ्यात पडले. सर्वांत मोठा वाटा अर्थातच दारू पिऊन घातलेल्या धिंगाण्याचा असतो. दिवसभर राबून शेतमजुराच्या हातावर शिलिंगभर पडले तरी पुष्कळ, अशा काळात शिलिंगभराचा दंडही घरात चांगलाच जाणवत असणार. तरीही काही नावे त्या वह्यांत इतक्या निष्ठेने परतून येतात की पुढच्या पानावर ती दिसली नाहीत तर काळजी वाटू लागते.

ही नोंद करणारा शिपाई मात्र गाढवे हाकण्यासाठी घडवलेला नव्हता. रॉबर्ट पील आयर्लंडचा मुख्य सचिव असताना 1814 मध्ये त्याने अशांत भागांत पाठवण्यासाठी एक खास दल उभे केले, 1822 मध्ये सर्व परगण्यांसाठी पोलिसदलाचा कायदा झाला आणि 1836 मध्ये ही दले एकत्र करून डब्लिनच्या हुकमतीखालील एकच आयरिश कॉन्स्टॅब्युलरी तयार झाली. 1867 चा फेनियन, म्हणजे आयरिश स्वातंत्र्यवाद्यांचा उठाव मोडून काढल्याबद्दल राणीने खूश होऊन या दलाच्या नावाआधी ‘रॉयल’ हे बिरूद लावले. याच पीलने 1829 मध्ये लंडनला जे पोलिस दिले, त्यांच्या अंगात निळा कोट आणि हातात साधा दंडुका होता. आयर्लंडच्या पोलिसाला मात्र जवळजवळ काळा वाटावा असा गडद हिरवा डगला, खांद्याला कार्बाइन ही आखूड बंदूक आणि राहायला बराक मिळाली. डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधील केंद्रात त्याच्याकडून पलटणीसारखी कवायत करून घेतली जाई. देशभर पसरलेल्या सुमारे चौदाशे बराकींत असे दहा हजारांच्या आसपास शिपाई होते आणि एका सर्वसाधारण खेड्यातील बराकीत एक सार्जंट आणि चार शिपाई एवढाच त्यांचा संसार असे.

संसार हा शब्दही जपूनच वापरायला हवा. शिपायाला स्वतःच्या परगण्यात नेमणूक मिळत नसे. बायकोच्या माहेरच्या परगण्यातही नाही. नोकरीची सात वर्षे पुरी झाल्याखेरीज लग्न करता येत नसे आणि त्यानंतरही वरिष्ठांची परवानगी लागे. मतदानाचा हक्क त्याला 1887 मध्ये मिळाला. आपल्याकडचा पोलीस पाटील त्याच गावचा असतो आणि त्याचे सगळे मोल त्या गावकीतच असते. आयर्लंडमध्ये सरकारने हेतुपुरस्सर याच्या नेमके उलटे केले, म्हणजे माणूस त्याच मातीतला, बहुतेक वेळा लहान शेतकऱ्याचा कॅथलिक मुलगाच घ्यायचा, पण त्याला सोयरसुतक असेल अशा ठिकाणी कधी ठेवायचा नाही. पुढे सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरने 1843 मध्ये तिथली पोलिस व्यवस्था याच आयरिश नमुन्यावर उभारली आणि नंतर मुंबई इलाख्याने तिचाच कित्ता गिरवला, तेव्हा त्या हिरव्या डगल्याशी आपलेही दूरचे नाते निघते.

एवढा बंदोबस्त कशासाठी, याचे उत्तर शतकाच्या पूर्वार्धातील जत्रांमध्ये सापडते. मन्स्टर प्रांतात गुरांचा बाजार, घोड्यांच्या शर्यती किंवा एखाद्या संताची जत्रा असली की दोन तट काठ्या घेऊन समोरासमोर उभे राहत आणि संध्याकाळपर्यंत डोकी फुटत. कॅराव्हॅट आणि शॅनाव्हेस्ट हे दोन तट तर एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच गाजले, आणि त्यांच्या भांडणाच्या मुळाशी गरीब मजूर आणि सधन शेतकरी यांच्यातील तेढ होती असे इतिहासकार मानतात. लिमरिक-टिपरेरीकडे ‘तीन वर्षांचे’ आणि ‘चार वर्षांचे’ असे दोन तट होते; एका बैलाचे वय किती यावरून त्यांच्यात म्हणे बिनसले होते, आणि बैल मरून किती काळ लोटला तरी भांडण मात्र धष्टपुष्ट होते. ब्लॅकथॉर्न नावाच्या काटेरी झुडपाचा दांडका तोडून तो चुलीच्या धुरात पक्का केला जाई आणि त्यावर लोणी किंवा चरबी चोळली जाई. त्याच्या टोकाची गाठ तशीच राखत, कारण खरे काम तीच करी. मारामारीला सुरुवात करण्याचीही एक रीत होती. तटाचा म्होरक्या काठी फिरवत मोकळ्या जागेत चकरा मारी, विरुद्ध तटाचे नाव घेऊन ललकारी देई, किंवा अंगातला कोट काढून त्याचे टोक जमिनीवर फरफटत नेई आणि त्यावर पाय देण्याची कुणाची छाती आहे ते पाही. कोणी ना कोणी पाय देईच. बायका ओच्यात दगड भरून आपल्या माणसांना पुरवत आणि वेळ आली तर स्वतःही भिरकावत.

या सगळ्याला दंगल म्हणावे की खेळ, असा प्रश्न मला बराच काळ पडत असे, पण 24 जून 1834 चा वृत्तान्त वाचल्यावर तो पडेनासा झाला. केरी परगण्यात बॅलिबनियनजवळ बॅलीआ नावाच्या वाळवंटात सेंट जॉनच्या दिवशी शर्यती भरल्या होत्या. कूलीन आणि लॉलर-ब्लॅक मल्व्हिहिल या दोन तटांचे मिळून काही हजार लोक तिथे भिडले. एक तट मागे रेटला गेला तो कॅशन नदीपर्यंत, आणि होड्यांतून पळू पाहणाऱ्यांवर काठावरून दगडांचा आणि काठ्यांचा मारा झाला. वीसेक माणसे प्राणास मुकली, त्यांतली बरीचशी बुडून. त्याआधी कित्येक वर्षे अनेक दंडाधिकाऱ्यांनी अशा मारामाऱ्यांकडे काणाडोळा केला होता; आपापसांत लढणारी रयत सरकारशी लढत नाही, एवढा साधा हिशेब त्यामागे होता असा आरोप तेव्हाही होत असे. 1835 मध्ये टॉमस ड्रमंड हा स्कॉटिश अभियंता डब्लिन किल्ल्यात, म्हणजे ब्रिटिश कारभाराच्या मुख्यालयात, उपसचिव म्हणून आला आणि त्याने जत्रेच्या दिवशी पोलिसांनी हजर राहून तट भिडण्याआधीच वेगळे करावेत, असा आग्रह धरला. टिपरेरीच्या जमीनदारांनी अधिक कडक कायदे मागितले, तेव्हा मालमत्तेला हक्क असतात तशी कर्तव्येही असतात, असे त्याने त्यांना 1838 मध्ये लिहून कळवले. जमीनदारांना ते फारसे रुचले नाही, हे सांगायला नकोच. पोलिस, पाद्री, फादर मॅथ्यूची दारूबंदीची चळवळ आणि शेवटी 1845 नंतरचा भीषण दुष्काळ यांनी मिळून काठ्यांचे ते युग संपवले. जत्रेला जाणारी तरणी पोरेच बोटीत बसून अमेरिकेला निघून गेली, तेव्हा कोटावर पाय द्यायला उरले कोण?

जिथे भांडण खरोखर सरकारशी होते, तिथे बंदुकीचा उपयोग कधीकधी अगदीच बेताचा ठरे. किल्केनी परगण्यात कॅरिकशॉक येथे 14 डिसेंबर 1831 रोजी प्रोटेस्टंट चर्चच्या दशांश कराच्या नोटिसा बजावणाऱ्या माणसाला संरक्षण देत पोलिसांची तुकडी निघाली होती. दोन्ही बाजूंनी दगडी कुंपण असलेल्या अरुंद बोळात जमावाने तिला गाठले आणि तो माणूस आमच्या हवाली करा अशी मागणी केली. एकदा बार उडाल्यावर पुन्हा ठासायला सवड मिळाली नाही. कप्तानासह डझनभराहून अधिक पोलिस दगडांनी आणि शेतीच्या अवजारांनी मारले गेले. पुढे खटले उभे राहिले, पण एकाही आरोपीवर गुन्हा शाबीत झाला नाही, कारण तिथे काय घडले ते सर्वांना ठाऊक होते आणि सांगायला मात्र कोणी तयार नव्हते.

कार्बाइनपेक्षा शिपायाच्या खिशातली वही अधिक परिणामकारक होती, असे मला वाटते ते यामुळे. 1841 पासून शिरगणती हेच पोलिस करत आणि 1847 पासून पिकांची आणि जनावरांची आकडेवारीही तेच गोळा करत. 1901 आणि 1911 च्या शिरगणतीचे कागद आज जसेच्या तसे उपलब्ध आहेत. घराच्या भिंती दगडाच्या की मातीच्या, छप्पर गवताचे की पक्के, खोल्या किती, दर्शनी बाजूला खिडक्या किती, गोठा, डुकरांचे खुराडे आणि कोंबड्यांची खोली वेगळी आहे का, हे सारे नोंदवून खाली शिपायाची सही असते. कोणत्या घराचा मुलगा परदेशी गेला, कुणाकडे यंदा एक डुक्कर कमी आहे, डोंगरावर कोणत्या घळीतून पोटीन या गावठी दारूच्या चोरट्या भट्टीचा धूर निघतो, हे त्याला पाठ असे. भट्ट्यांवर पाळत ठेवणारे वेगळे दल 1857 मध्ये मोडीत निघाल्यापासून तेही काम त्याच्याचकडे आले होते. एवढे जवळून ओळखणाऱ्या माणसालाच 1880 च्या दशकात कुळांना घराबाहेर काढणाऱ्या शेरीफच्या मागे पहारा द्यावा लागला. मायोमध्ये 1880 साली गावाने वाळीत टाकलेला जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याचे बटाटे आणि सलगम काढायला अल्स्टरमधून पन्नास मजूर आणले गेले आणि त्यांच्या रक्षणासाठी हजारभर सैनिक आणि पोलिस खपले. पाचशे पौंडांच्या पिकापायी दहा हजार पौंड खर्ची पडले, असा हिशेब तेव्हापासून सांगितला जातो. त्यानंतर बराकींनाही तोच अनुभव आला आणि काल कुत्र्याचा परवाना विचारायला आलेल्या शिपायाला दुकानदार पाव देईना.

आणखी एक किरकोळ गुन्हा सांगितल्यावाचून राहवत नाही. बैलगाडी असो वा घोड्याची, मालकाचे नाव तिच्यावर वाचता येईल अशा अक्षरांत रंगवलेले असावे, असा 1851 चा कायदा होता. डोनेगॉलमधील नियाल मॅक गिला ब्रीद या शेतकऱ्याने आपल्या गाडीवर आपले नाव आयरिश भाषेत, आयरिश अक्षरांत रंगवले. पोलिसांनी त्याला न्यायालयात खेचले आणि त्याला दंड झाला. 1905 मध्ये प्रकरण डब्लिनच्या वरिष्ठ न्यायालयात गेले, तेव्हा त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये पॅट्रिक पिअर्स हा तरुण होता. ज्या भागात शेजारीपाजारी आयरिशच बोलत, तिथे आयरिश अक्षरे कायद्याच्या दृष्टीने वाचनीय नाहीत, असे न्यायमूर्तींनी ठरवले आणि पिअर्स खटला हरला. दुकानांच्या पाट्यांवरून झडलेले वाद मुंबईत ऐकत वाढलेल्यांना या खटल्याची फार फोड करून सांगावी लागू नये. अकरा वर्षांनी, 1916 च्या ईस्टरला, प्रजासत्ताकाचा जाहीरनामा डब्लिनच्या टपाल कचेरीसमोर वाचणारा पिअर्स तो हाच.

21 जानेवारी 1919 रोजी टिपरेरीतील सोलोहेडबेग येथे सुरुंगाची दारू नेणाऱ्या गाडीबरोबरचे दोन शिपाई गोळ्या घालून मारले गेले, त्याच वर्षी एप्रिलमध्ये नव्या आयरिश संसदेने पोलिसांवर सामाजिक बहिष्काराचा ठराव केला आणि 1920 च्या ईस्टरला ओस पडलेल्या शेकडो बराकी एका झटक्यात जाळल्या गेल्या. काहींनी राजीनामे दिले, काही मारले गेले, बाकीच्यांसाठी 1922 मध्ये दलच बरखास्त झाले. त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या गार्डा शीखाना या नव्या आयरिश पोलिसदलाचे पहिले आयुक्त मायकल स्टेन्स यांनी आपले दल शस्त्रबळावर किंवा संख्याबळावर नव्हे, तर जनतेचे सेवक म्हणून नैतिक अधिकारावर यशस्वी होईल, असे जाहीर केले आणि गार्ड बिनबंदुकीचा राहिला.

कायद्याची पुस्तके मात्र बहुतांशी तीच राहिली आणि त्यांतले माझे सर्वांत लाडके कलम 1960 पर्यंत टिकले. 1878 च्या कायद्याने पाच मोठी शहरे वगळता आयर्लंडमधील दारूची दुकाने रविवारी बंद करण्यात आली, पण प्रवाशाला सवलत होती आणि खेड्यात प्रवासी कोणाला म्हणायचे, तर आदल्या रात्री तिथून किमान तीन मैलांवर जो झोपला असेल त्याला. परिणामी रविवारी प्रत्येक गावचे तहानलेले लोक आपल्या गावचे दुकान टाळून पुढच्या गावाला चालत किंवा सायकलने निघत आणि पुढच्या गावचे लोक वाटेत त्यांना भेटत. दाराशी उभ्या असलेल्या गार्डला प्रत्येकाचे घर, त्याचे अंतर आणि त्या अंतराबाबत तो किती खोटे बोलतो आहे, हे सगळे ठाऊक असे. तरी रात्री कुठे झोपला होतास, हे गंभीर चेहऱ्याने विचारून उत्तर वहीत उतरवून घ्यावेच लागे. तीन मैल भरले की पेला कायदेशीर. परतीच्या वाटेवर सायकलला दिवा नसला, तर त्या दिव्याची फिर्याद वेगळी.