१२ एप्रिल

सकाळी मोबाईलवर 'आजचा दिनविशेष' आला आणि कामं बाजूला पडली. १२ एप्रिल म्हटलं की अवकाशात गेलेला पहिला माणूस गागारिन, एवढंच डोक्यात होतं. १९६१, पृथ्वीभोवती एक फेरी, १०८ मिनिटं. त्यातली गंमत वेगळीच. तो यानासकट उतरलाच नाही. साधारण सात किलोमीटर उंचीवर बाहेर फेकला गेला आणि स्वतःच्या पॅराशूटने खाली आला. विक्रमाच्या नियमात वैमानिकाने यानातच उतरायला हवं होतं, म्हणून सोव्हिएत सरकारने हे कित्येक वर्षं दडवून ठेवलं!

बरोबर वीस वर्षांनी, १९८१ला, कोलंबिया हे पहिलं स्पेस शटल, म्हणजे पुन्हा वापरता येणारं यान, अवकाशात गेलं. हा मात्र निव्वळ योगायोग. उड्डाण १० तारखेला ठरलं होतं, संगणकांचं आपसात जुळेना म्हणून दोन दिवस लांबलं.

पण दिवसभर मनात घोळत राहिली ती दुसरीच जोडी. १९४५ला याच तारखेला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट गेले, वॉर्म स्प्रिंग्ज इथे. पोलिओने पाय लुळे पडल्यावर उपचारांसाठी ते तिथे जायला लागले होते. आणि १९५५ला, पुन्हा १२ एप्रिललाच, मिशिगन विद्यापीठात जाहीर झालं की साल्क यांची पोलिओ लस सुरक्षित आणि परिणामकारक आहे. त्या चाचणीत सुमारे १८ लाख मुलं सहभागी होती. लसीसाठी पैसा उभा करणारी संस्था रूझवेल्ट यांनीच स्थापन केलेली.

दिनविशेषात या दोन्ही नोंदी होत्या. एकीखाली एक, मध्ये भलत्याच कुणाचा तरी वाढदिवस.