जुबैलहून परतलो आणि ‘आमिल’वर अडलो

सौदीत जुबैलला नऊ वर्षं पाइप वेल्डिंग केलं. काम ६जी पोझिशनचं: पाइप ४५ अंशात पक्का बांधलेला, तो फिरत नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. शेवटचा पगार २,२०० रियाल. वडील आजारी पडले म्हणून राजीनामा देऊन खेडला आलो. जवळच्या लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात विचारलं, तर पगार सांगितला १३ हजार. हेल्परचा.

कारण अनुभवाचा दाखला. त्यावर इकाम्यातला, म्हणजे तिकडच्या रहिवासी परवान्यातला, हुद्दा तसाच उतरवलेला: ‘आमिल’, म्हणजे मजूर. व्हिसा मजुराचा आणि हातात वेल्डरची टॉर्च, असं तिकडे सर्रास चालतं. नऊ वर्षांत मला त्याचं काही वाटलं नव्हतं. इथे त्या एका शब्दाने माझा हात पुसून टाकला.

दाखला दुरुस्त करून मागायला चार महिने गेले. शुक्रवार-शनिवार तिकडचं ऑफिस बंद, इतर दिवशी फोन उचलला तर एकच उत्तर, “सिस्टीममध्ये हाच हुद्दा आहे.” मेल केले, जुन्या पगाराच्या पावत्या पाठवल्या. उत्तर तेच. रात्र-रात्र झोप नसायची. वडिलांच्या औषधांना साठवलेले पैसे जात होते आणि मी एका शब्दासाठी भांडत होतो. दाखला शेवटपर्यंत बदलला नाहीच.

मध्ये आरपीएलची, म्हणजे आधीपासून येत असलेल्या कामाची, परीक्षा दिली, सरकारी प्रमाणपत्र मिळालं. ते जरूर घ्या, पण माझा पगार त्याने हलला नाही.

सुटका केली जुबैलच्या आमच्या मल्याळी चार्जहँडने, म्हणजे टोळीच्या मुकादमाने. क्यूसीच्या (कामाचा दर्जा तपासणाऱ्या विभागाच्या) फाइलमधून माझ्या वेल्डर टेस्टच्या कार्डाचा फोटो काढून पाठवला: माझा फोटो, स्टॅम्प नंबर (वेल्डरचा ओळख क्रमांक), ६जी, सगळं त्यावर. ते बघून लोट्याच्या कारखान्याच्या इंजिनिअरने कूपन, म्हणजे चाचणीसाठी पाइपचा तुकडा, लावून दिला. आर्गॉनचा रूट, म्हणजे तळाचा पहिला थर, मारला, वरचे थर इलेक्ट्रोडने. जोडाचा एक्स-रे स्वच्छ आला. २८ हजारांवर घेतलं. त्या दिवशी घरी येऊन आधी वडिलांना एक्स-रेची फिल्म दाखवली.

आणखी एक, हे आधीच सांगायला हवं होतं. सौदीत दहा वर्षं भरायच्या आत स्वतः राजीनामा दिला, तर सर्व्हिसचे पैसे, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी, कापले जातात. माझे दोन तृतीयांशच मिळाले. जमत असेल तर कराराची मुदत संपवून निघा.

कॅम्पातल्या आमच्या खोलीत अजून तिघे ‘आमिल’ आहेत. तिघांनाही टेस्ट कार्डाचे फोटो काढून घरी पाठवायला लावलेत.