मधमाश्या मेल्या तर पंचनामा कुठल्या रकान्यात? माझा अनुभव

मागचं नाही, त्याच्या मागचं वर्ष. फेब्रुवारी अर्धा झालेला, डोंगळ्याचे, म्हणजे कांद्याच्या फुलदांड्याचे, गोंडे निम्म्याच्या वर फुललेले, आणि मी दुपारी पेट्यांकडं गेलो तर रोजचा तो घूंऽ आवाजच नाही. प्रत्येक पेटीच्या दाराशी मूठमूठ माश्या पडलेल्या, काही थरथरत जागच्या जागी गोल फिरत होत्या, मेलेल्यांपैकी बऱ्याच जणींची सोंड बाहेर आलेली. ज्या मधपाळाकडून पेट्या भाड्यानं आणल्या त्याला फोटो टाकला, त्याचा एकच मेसेज आला, "कोणी फवारलं?"

आम्ही निफाड तालुक्यातले. थोडी द्राक्षबाग, बाकी उन्हाळ कांदा, आणि एक एकर डोंगळा घरच्या बियाण्यासाठी, एन-२-४-१ जातीचा. आता कांद्याचं फूल मोठं अवघड आहे बघा, एकाच फुलात पराग आधी झडून जातो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतं, म्हणजे दुसऱ्या फुलावरनं कोणीतरी पराग आणून दिल्याशिवाय दाणा भरत नाही. पूर्वी बांधावर बाभळी, लिंबं होती, आग्या-सातेरी या रानातल्या मधमाश्या आपोआप यायच्या. आता माश्या याव्यात म्हणून लोक गुळाचं पाणी मारतात, कोणी सकाळी फडकं घेऊन गोंड्यांवरनं फिरवत बसतं. मी म्हटलं त्यापेक्षा चार पेट्या आणू.

फवारलं होतं शेजारच्या नानांनी. त्यांच्या कांद्यावर फुलकिडे, सकाळी दहाला दोन कीटकनाशकं आणि एक बुरशीनाशक असं कॉकटेल मारलं, वारा माझ्याकडं, शिवाय त्यांच्या वावरातही मधे मधे डोंगळे निघालेले, माश्या तिथंही जात होत्या. भांडायला गेलो आणि बांधावरच थांबलो, कारण पेट्या आणल्यात हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं, आणि आदल्या वर्षी मीसुद्धा दहालाच फवारत होतो.

मधपाळानं उरलेल्या पेट्या त्याच रात्री जाळ्या लावून उचलल्या आणि नुकसान कोण देणार ते विचारलं. म्हणून मग ऑफिसचे खेटे सुरू झाले. पहिल्या ऑफिसात साहेब चांगले बोलले पण फॉर्ममधे पिकाचा रकाना, गाय-म्हैस-शेळीचा रकाना, माशीचा कुठंच नाही. "माशी पिकात धरायची का जनावरात?" हे ते मला विचारत होते. त्यांनी दुसऱ्या ऑफिसला पाठवलं, दुसऱ्यांनी सांगितलं औषध बोगस असेल तर आमच्याकडं या, औषध चांगलं असून माश्या मेल्या तर आम्ही काय करणार. म्हणजे औषधानं काम नीट केलं म्हणून तक्रार घेता येत नाही! हसावं का रडावं कळेना. एक अर्ज देऊन पोच घेतली, ती अजून माझ्याकडं आहे, पुढं काही झालं नाही.

मग वाटलं निदान कशानं मेल्या ते तरी कळावं. आपल्याकडं द्राक्षाच्या रेसिड्यूसाठी, म्हणजे औषधाचा उरलेला अंश तपासायला, लॅब आहेत त्यातल्या एकीत माश्या कॅरीबॅगमधे भरून घेऊन गेलो, तिथला मुलगा म्हणाला काका या उन्हात पडून वाळल्यात, मेल्या मेल्या उचलून फ्रीझरला टाकायच्या होत्या, आता रिपोर्ट आला तरी त्यावर विसंबता येणार नाही. पैसे वाचले पण पुरावा गेला. तुमच्याकडं असं झालं तर हे लक्षात ठेवा: माश्या लगेच डब्यात घालून फ्रीझरमधे, औषधाच्या बाटलीचा लेबलसकट फोटो, आणि वेळ लिहून ठेवणे.

लेबलवरनं आठवलं. नाना म्हणत होते, "अरे मी काय लाल त्रिकोणाचं मारलं नाही." मलाही तेच वाटायचं, लाल जहाल आणि हिरवा एकदम सेफ. नंतर समजलं की तो रंग उंदरांसारख्या प्राण्यांवरच्या चाचणीवरनं ठरतो, म्हणजे तुम्हा-आम्हाला किती विषारी एवढंच तो सांगतो. माशीचा त्याच्याशी संबंध नाही. स्पिनोसॅड हे कीटकनाशक घ्या, माणसाला त्या मानानं सौम्य, पण ओलं असेपर्यंत माशीला जहाल, वाळल्यावर धोका बराच उतरतो. संध्याकाळी फवारा असं जे सांगतात ते यासाठी, माश्या घरी गेल्या की मारायचं आणि रात्रीत वाळू द्यायचं. इमिडाक्लोप्रिडचं तसं नाही, ते आंतरप्रवाही, झाडात भिनून पराग-मधापर्यंत जातं, त्याला सकाळ-संध्याकाळ सारखीच. फुलोऱ्यात ते नकोच. आणि हे दुकानदार सांगत नाही, त्याला कोणी विचारतही नाही.

पुढच्या हंगामात भाड्याच्या भानगडीत पडायचं नाही असं ठरवलं. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाची मध केंद्र योजना आहे, त्यात निम्मं अनुदान आणि निम्मे पैसे आपले, वैयक्तिक मधपाळाला १० दिवसांचं ट्रेनिंग. कागद फार नाहीत पण माझ्या आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, बँकेत वेगळं, त्यात पंधरा दिवस गेले, ही चूक माझीच. केंद्राच्या मधुक्रांती पोर्टलवर नोंदणी केली ती मुलीनं मोबाईलवर करून दिली. ट्रेनिंगमधे पेटी उघडायला शिकलो, धूर किती द्यायचा, राणी कशी ओळखायची, आणि माझ्या कामाची एक गोष्ट कळली: गोंडे थोडे फुलल्याशिवाय पेट्या आणायच्या नाहीत, आधी आणल्या तर माश्या दुसऱ्याच फुलांना लागतात आणि मग आपल्याकडं वळत नाहीत.

पण खरं काम पेट्यांचं नव्हतंच, शेजाऱ्यांचं होतं. माशी दोन-तीन किलोमीटर सहज जाते, माझं एक एकर सांभाळून काय होणार. चहाला सात-आठ जणांना बोलावलं. मी सांगितलं संध्याकाळी सहानंतर फवारा, तर सगळे माझ्याकडं बघायला लागले. एक जण म्हणाला, "आणि बिबट्याला काय सांगू, मधमाशी वाचवतोय म्हणू?" बोललं ते बरोबर होतं. गोदाकाठचा ऊस, त्यात बिबटे, अंधार पडला की एकटा माणूस वावरात जायला तयार नाही, फवारणीची मजुरं तर दुपारी दोनलाच घरी. पुस्तकातला सल्ला इथं अडतो.

मग मी द्राक्षाची वही काढली. युरोपला माल पाठवणारे आम्ही सगळे फवारणीची नोंद ठेवतोच, कुठलं औषध, कधी, तोडणीला किती दिवस, लेबल क्लेम आहे का, म्हणजे त्या पिकासाठी ते मंजूर आहे का. एक फवारा चुकला तर कंटेनर अडकतो म्हणून कोणी टाळाटाळ करत नाही. त्याच युरोपनं २०१८ साली इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायमिथॉक्झाम उघड्या शेतात बंद केली, माश्यांपायी. आणि २०२३ मधे नियम काढला की बाहेरून येणाऱ्या मालातसुद्धा यातल्या शेवटच्या दोघांच्या उरलेल्या अंशाची मर्यादा मोजता येईल तितकी खाली, मार्च २०२६ पासून, आणि कारण पुन्हा माश्याच. हे सांगितल्यावर जरा शांतता झाली. कळवळा कोणालाच आला नाही, रेट डोळ्यापुढं आला, मला तेवढंही चाललं.

ठरलं ते साधंच. वहीत एक रकाना वाढवला, फुलोरा चालू आहे का. व्हॉट्सॲपवर आदल्या दिवशी सांगायचं, कोण कुठं फवारणार. कांद्यात निघालेले डोंगळे फवाऱ्याआधी मोडून टाकायचे. सकाळी मारायचंच असेल तर मी आदल्या रात्री पेट्यांची दारं जाळीनं बंद करून वर ओलं बारदान टाकणार, दुपारी औषध वाळल्यावर उघडणार. दोघं जण ग्रुपमधून निघून गेले. एकानं सांगितलंच नाही, त्या दिवशी थोड्या माश्या गेल्या, पण पेट्या टिकल्या. बियाणं एकरी किती वाढलं ते विचारू नका, एका हंगामावरनं सांगणं खोटं होईल, पण गोंडे चोळल्यावर पोचट दाणा कमी निघाला एवढं खरं.

अर्ज मात्र परत दिलाय. पहिल्या पोचेची झेरॉक्स जोडून, रकाना वाढवा म्हणून.

परवा संध्याकाळी नानांचा फोन आला, "भाऊ, फुलकिडे लई वाढलेत, आज मारतो. पेट्या झाकल्या का?" म्हटलं झाकतोय. "मग झाकून इकडंच ये, बॅटरी घेऊन ये मोठी. नर्सरीच्या बाजूला कुत्री भुंकायला लागलीत."