म्हाकूल भरलेलं जहाज आणि बंदराचा नकार: माझा अनुभव

मी रत्नागिरीचा, बारा वर्षं झाली मर्चंट नेव्हीत, त्यातली शेवटची दोन रीफरवर. रीफर म्हणजे तरंगतं कोल्ड स्टोरेज, मासेमारी बोटींकडून भर समुद्रात माल घ्यायचा आणि बंदरात नेऊन उतरवायचा. कंपनी, बंदर कुणाचंच नाव लिहीत नाही, हिंदी महासागरातलं बंदर एवढं पुरे.

आमच्या होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या माल ठेवायच्या कोठारात, गोठवलेलं म्हाकूल (स्क्विड) होतं, अरबी समुद्रात २०० मैलांच्या बाहेर, जिथे कुठल्याच देशाची हद्द नाही तिथे, तीन परदेशी बोटींकडून घेतलेलं. म्हाकूल उजेडाला येतं, त्यामुळे रात्री तिकडे क्षितिजावर एखादं शहर वसलंय की काय असं वाटतं इतके दिवे. टूनासाठी या महासागरात आयओटीसी आहे, म्हणजे मासेमारीवर लक्ष ठेवणारा देशांचा आयोग, पण तिच्या यादीत १६ जाती, टूना आणि त्याचे भाईबंद, म्हाकूल नाहीच. म्हणजे किती पकडलं, कुणी पकडलं, विचारायलाच कुणी नाही. याला बेकायदा नाही म्हणत, अनियंत्रित म्हणतात.

एजंटमार्फत बंदरात यायचा अर्ज पाठवला. एफएओ म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचा, बेकायदा आणि अनियंत्रित मासळी बंदरातच अडवण्याचा २००९ चा करार आहे, ५ जून २०१६ पासून लागू झालेला, त्याप्रमाणे मासे वाहणाऱ्या जहाजानेसुद्धा आधीच सगळं कळवायचं असतं, म्हणजे माल देणारी प्रत्येक बोट कुठली, झेंडा कुठला, माल कुठे आणि कधी घेतला, जात, वजन. परवान्याची कागदपत्रंही लागतात. दोन बोटींचं सगळं होतं, तिसरीच्या परवान्यावर भलत्याच समुद्राचं नाव. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, प्रवेश नाही.

नऊ दिवस बाहेर थांबलो. टोमॅटो, कोबी संपले, कांदे-बटाट्यावर आलो आणि जनरेटर मात्र बंद करता येत नाही कारण माल वितळेल, त्यामुळे डिझेल रोज खाली जातंय. पाचव्या दिवशी आमच्या ऑइलरच्या (इंजिनरूममधला खलाशी) पोटात इतकं दुखायला लागलं की तो सरळ उभा राहू शकेना, कॅप्टनने रेडिओवर सांगितलं आणि तासाभरात लाँच आली, त्याला घेऊन गेली, ऑपरेशन पण झालं. ज्या ऑफिसने जहाजाला नाही म्हटलं त्याच ऑफिसने माणसाला एका शब्दात हो म्हटलं. २०१९ च्या जूनमध्ये वायू वादळात कोस्ट गार्डने १० चिनी बोटींना रत्नागिरीला आसरा दिला होता तेव्हा आमच्याकडे बरेच जण चिडलेले, मीही. या पोराला लाँचमध्ये उतरवताना मला ते पटलं, आसरा देणं वेगळं आणि माल उतरवू देणं वेगळं.

नवव्या दिवशी आत घेतलं, पण फक्त तपासणीसाठी. दोघं जण जाड जॅकेट घालून होल्डमध्ये उतरले, एक बाई होत्या, त्या कार्टन फिरवून फिरवून टॉर्च मारत होत्या. एका कार्टनच्या कोपऱ्यावर अर्धवट पुसलेला शिक्का, त्यावर चौथ्याच बोटीचं नाव. मग तसे आणखी निघाले. ते नाव माझ्या एकाही पावतीवर नव्हतं आणि पावत्यांवर सही माझी. रात्री, लाटांत, क्रेनने स्लिंगमागून स्लिंग (दोरात बांधलेला कार्टनचा गठ्ठा) येत असताना मी फक्त आकडे मोजले होते. बाईंनी आवाज न चढवता विचारलं, ही बोट कुठली. मला सांगता आलं नाही.

माल उतरवू दिला नाही. पाणी आणि सुरक्षित परत जाण्यापुरतं डिझेल दिलं, आमचं जहाज ज्या देशात नोंदलेलं त्या झेंड्याच्या देशाला रिपोर्ट गेला, भरल्या होल्डने निघालो. कंपनीचं मोठं नुकसान झालं हे मला माहितीय, तरी मला त्या बंदराचा राग नाही आला. आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, माझा चुलतभाऊ ते दोन महिने जाळी शिवत काढतो, आणि तिकडे बाहेर कसली बंदी नाही, कसला हिशोब नाही. तिथे समुद्रात जाऊन कोण अडवणार? पण एवढं म्हाकूल कधीतरी कुठल्यातरी धक्क्याला लागावंच लागतं, तिथे नाही म्हणता येतं.

आता लोडिंगला मी स्वतः टॉर्च घेऊन उभा राहतो, प्रत्येक स्लिंगमधल्या कार्टनच्या शिक्क्याचा फोटो काढतो, आणि नाव जुळलं नाही तर क्रेन थांबवतो. बोटीवाले ओरडतात. ओरडू देत.