दोन थापा लागोपाठ

गोव्यात फोंड्याला बाजारामागच्या एका खोलीत मी संध्याकाळी हॉटेलात नोकरी शोधणाऱ्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवते. त्या दिवशी जोडविशेषणं होती. सुरुवात झकास झाली. फळ्यावर 'टू-स्टोरीड' लिहिलं आणि म्हटलं, हे आपलं 'दोनमजली'च. दोन, मजला आणि शेवटची ई. ती ई म्हणजे इंग्रजीतला शेवटचा 'ईडी' (-ed). 'ब्लू-आइड' म्हणजे निळे डोळे नव्हेत, निळ्या डोळ्यांचा माणूस, आपल्या नीलकंठासारखा बहुव्रीही. मुलं खूश.

मग टाळ्या वाजवून अक्षरं मोजली. 'ओल्ड-फॅशन्ड'ला निम्म्या वर्गाने पाच टाळ्या दिल्या, फॅ-शि-ओ-नेड करत. खऱ्या तीनच. 'ईडी'चं वेगळं अक्षर होतं ते आधी ट किंवा ड असला तर, जसं 'काइंड-हार्टेड'. 'थ्री-लेगिड'सारखे हट्टी असतातच.

घोळ पुढे झाला. माझ्या नोट्समध्ये छापलं होतं की 'वेल-नोन'सारख्या शब्दांत जोर दुसऱ्या भागावर, 'नोन'वर. मोबाइलवर उदाहरण लावलं, 'अ वेल-नोन सिंगर'. मागच्या बाकावरून आवाज आला, "टिचर, कितें तरी चुकता. ती बाई 'वेल'वर जोर देते." हा मुलगा चवथीला गावच्या आरत्यांना घुमट हे मातीचं तालवाद्य वाजवतो. मी म्हटलं, तुला तसं वाटतंय. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा ऐकताना माझेच कान तापले. 'वेल'वरच होता.

"असं का रे?" मी त्यालाच विचारलं. त्याने बाकावर वाजवून दाखवलं. 'नोन' आणि 'सिं', दोन मोठ्या थापा लागोपाठ. "हात अडकतो, टिचर. म्हणून पहिली मागे सरकवली." मग 'द सिंगर इज वेल-नोन' वाजवलं. पुढे काहीच नाही, थाप जागच्या जागी. जोर सरकण्याचा हा नियम मी परीक्षेपुरता पाठ केला होता, ऐकला कधीच नव्हता.

"मग सी-फेसिंग रूम?" एका मुलीने विचारलं. तो शब्द त्यांना रोज लागणार. तिथे जोर आधीपासूनच 'सी'वर, सरकायचा प्रश्नच नाही.

नोट्सच्या अठरा झेरॉक्स वाटून झाल्या होत्या. त्या परत गोळा करून प्रत्येकीवर पेनाने लिहिलं, 'नामाआधी आल्यास जोर मागे'. तोवर मागच्या बाकावर 'ओल्ड-फॅशन्ड हाउस' वाजायला लागलं होतं.